हप्ता कमी म्हणून क्लब स्वस्त?

शेकडो मेंबर हप्ता भरून मिळून रेसचा घोडा ठेवतात, अशा क्लबांवरच्या लेखात नवख्याने सगळ्यात कमी मासिक हप्त्याचा क्लब धरावा असं म्हटलंय, ते काही पटलं नाही बुवा. मी पण तेच केलं होतं, हप्ता अगदी किरकोळ, आणि सहा महिन्यांत घोड्याच्या पुढच्या पायाचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा पट्टा) गेला, मग स्कॅन, व्हेटचं म्हणजे जनावरांच्या डॉक्टरचं बिल, आणि दर थोड्या दिवसांनी ग्रुपवर मेसेज की प्रत्येकी एवढे जास्तीचे पाठवा. टेंडन गेला की बऱ्याचदा वर्षभर घोडा ट्रॅकवर येत नाही, पण त्याचा चारा, नाल, तबेल्याचा खर्च थोडाच थांबतो! त्यामुळे पहिला प्रश्न हाच की एका रकमेत सगळं येतं का, की नंतर वरखर्चाची मागणी होऊ शकते, आणि हे लेखी आहे का.

शिवाय अशा क्लबमध्ये बऱ्याचदा घोडा आपल्या मालकीचा नसतोच, लीजवर म्हणजे ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घेतलेला असतो, मुदत संपली की मूळ मालकाकडे परत, पुढे चांगल्या भावात विकला गेला तरी आपल्याला शून्य. मौज म्हणून ठीकच आहे, फक्त आधी माहीत हवं. बक्षिसातूनही ट्रेनर-जॉकीचा वाटा जातो आणि उरलेलं शेकडो मेंबरांत वाटलं की हातात चिल्लर. सकाळी घोड्याचा सराव बघायला जाता येतं का हे विचारा, असं लिहिलंय ते मात्र एकदम बरोबर, आमचा घोडा एकदाही जिंकला नाही पण त्या सकाळी अजून आठवतात.