पुण्याहून दुबई पावणेदोन तासांत? नाही, सव्वातीन

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या हा मेसेज फिरतोय: ‘पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचतं. पुणे–दुबई जाताना पावणेदोन तास, येताना साडेचार! आणि अमेरिकेची विमानं जास्त पैसे उकळायला उत्तर ध्रुवाकडून वळसा घालतात.’ शेजारच्या काकांनी यावर विसंबून दुबईच्या प्रवासातल्या गोळ्यांच्या वेळा ठरवल्या, म्हणून लिहायला बसलो.

पावणेदोन आणि साडेचार हे हिशेब तिकिटावरच्या वेळांवरून केलेले आहेत. पण त्या वेळा ज्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. लोहगावहून रात्री आठला निघालेलं विमान तिथे पावणेदहाला उतरतं, तेव्हा पुण्यात सव्वाअकरा झालेले असतात. अंतर सुमारे 2,000 किलोमीटर, वेळ सव्वातीन तास. येताना हाच दीड तास उलटा पडतो. साडेचारांतून तो काढला की उरतात तीन. काका, गोळीसाठी हातातलं घड्याळ पुण्याच्याच वेळेवर राहू द्या.

पृथ्वी फिरते हे खरंच. पुण्याच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,580 किलोमीटर वेगाने पूर्वेला सरकत असते. पण हवाही तिच्यासोबत फिरते. वेताळ टेकडीवरची घार तासभर घिरट्या घालून पुन्हा त्याच टेकडीवर उतरते, टेकडी तिच्या खालून निघून जात नाही. विमानाचंही तेच.

फरक पडतो तो वाऱ्याने, आणि तोही मेसेजच्या नेमका उलट. साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. फेब्रुवारी 2020 मध्ये त्याच्या जोरावर एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं. 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट सुमारे 1,400 किलोमीटर वाढली, तरी पाठीशी वारा मिळाल्याने वेळ दोनेक तासांनी घटला. नुसत्या अंतराला वेगाने भागून वेळ काढणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावं.

आता ध्रुवाचा ‘वळसा’. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून पुणे–सॅन फ्रान्सिस्को रेघ मारली आणि दिशा न बदलता तिच्यावरून गेलं, तर सुमारे 16,000 किलोमीटर भरतात. पृथ्वीगोलावर याच दोन गावांमध्ये दोरा ताणून धरा: तो ध्रुवाजवळून जातो आणि अंतर येतं साधारण 13,500. वाकडी दिसणारी वाटच जवळची आहे. खरा वळसा पडतो तो हवाई हद्द बंद झाल्यावर. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना तसा पडला.

पृथ्वीगोल आमच्याकडे आहे, दोराही. ज्यांना स्वतः मोजून पाहायचंय त्यांनी रविवारी सकाळी मुलांना घेऊन या.