जाळीबाहेरचा बाप

गेल्या महिन्यात सांगलीतच लेकीची चौदा वर्षांखालची टेनिसची मॅच होती. ५-२ नं पुढं, सर्व्हिसही तिचीच. एक डबल फॉल्ट झाला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट गेला, आणि तिनं पहिल्यांदा बघितलं ते कोर्टाच्या जाळीबाहेर, माझ्याकडं. मी तोंड वाकडं केलेलं. वर ओरडलोही, "अगं, लक्ष दे की!" त्यानंतरचा प्रत्येक पॉइंट गेला की मान माझ्याकडं. सेट ५-७.

कोचनी नंतर बाजूला घेतलं. "दादा, पुढच्या मॅचला तुम्ही जरा भडंग आणायला जावा."

राग आला, खोटं कशाला बोलू? फी मी भरतो, रॅकेटच्या तारा बदलायला, गटिंगला, मी पळतो, आणि मलाच बाहेर?

आपण कुस्तीच्या मुलखातली माणसं. मैदानात ओरडलं की पैलवानाला चेव येतो, हे लहानपणापासून बघितलेलं. पण पैलवान एकदा भिडला की त्याला विचार करायला सवड कुठं असते? टेनिसमध्ये सवडच घात करते. दोन पॉइंटमध्ये २५ सेकंद, बाजू बदलताना ९०. गेलेला पॉइंट चघळायला आणि न हरलेली मॅच मनात हरायला एवढा वेळ रग्गड झाला. त्यात ज्युनिअरच्या बहुतेक मॅचना खुर्चीवर अंपायर नसतो, 'आऊट' पोरांनीच द्यायचा. समोरच्या पोरीनं रेषेवरचा चेंडू आऊट दिला की आमची पुढचे दोन गेम त्याच चेंडूत अडकलेली.

टेनिसपटू रॉजर फेडररनं २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात सांगितलं होतं, एकेरीच्या १५२६ मॅच खेळलो, जवळपास ८० टक्के जिंकलो, पण पॉइंट जिंकले फक्त ५४ टक्के. हाच माणूस २०१९ ला विम्बल्डनच्या फायनलमध्ये पाचव्या सेटला ८-७, ४०-१५ असा पुढं होता, स्वतःच्या सर्व्हिसवर, जिंकायला एकच पॉइंट हवा होता. तरी जोकोविचनं मॅच काढली. आता त्याला कोण सांगणार 'लक्ष दे' म्हणून?

मुळात 'फोकस कर' म्हणजे पोरीनं नेमकं करायचं काय? कोचनी तिला हाताला काम दिलंय. पॉइंट संपला की नजर रॅकेटच्या तारांवर, बोटांनी तारा सरळ करायच्या. लांब श्वास सोडायचा. सर्व्ह कुठं टाकायची ते ठरवायचं, चेंडूचे चार टप्पे, आणि मारायचं. डबल फॉल्ट झाला तरी हेच, एस बसली, म्हणजे समोरचीला सर्व्हिस लागलीच नाही, तरी हेच.

परवा मिरजेला मॅच होती. मी गाडीमागं उभा राहून भडंग खाल्ला. आतून एकदा 'आऊट' ऐकू आलं, कुणाचा ते कळलं नाही. डोकावणार होतो, तेवढ्यात कोचनी लांबूनच हात केला.