छान आलंय झाड

नाशकात द्राक्षं आहेत, चिवडा आहे, बारा वर्षांनी येणारा कुंभमेळा आहे. म्हणावं असं प्राणिसंग्रहालय मात्र नाही. छंद लावून घेताना माणसाने निदान आपलं गाव तरी बघावं. मी ते बघितलं नाही. त्यामुळे वाघाच्या एका फोटोसाठी मला एक तर पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठून राणीच्या बागेत जावं लागतं, नाहीतर सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत दोनशेवर किलोमीटर पुणं. आणि पुण्यात शिरलं की काम झालं असंही नाही, कात्रजचं प्राणिसंग्रहालय पार दुसऱ्या टोकाला.

‘नांदूरमधमेश्वर आहे की उशाला!’ असं लोक म्हणतात. आहे, पक्षी अभयारण्य. निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ, २०२० साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेलं राज्यातलं पहिलं स्थळ. एकदा गेलोही होतो. तिथली फोटोवाली मंडळी शेवाळी कपड्यांत, कुजबुजत बोलणारी. एकाने विचारलं, “तुम्ही काय काढता?” मी म्हटलं, “प्राणिसंग्रहालयातले प्राणी.” सुगरणीने विकतच्या पुरणपोळीकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं. शिवाय पक्षी उडून जातात. माझा वाघ कुठे जात नाही, माझ्या छंदाचा सगळा पायाच तो आहे.

सुरुवात कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ मिलिमीटरच्या, जवळचंच बघणाऱ्या लेन्सवर झाली. कात्रजला खंदकापलीकडे पहुडलेला वाघ त्या लेन्समधून झाडाखाली कुणी झेंडूचा शिळा हार टाकून दिल्यासारखा दिसला. घरी आल्यावर हिने फोटो बराच वेळ निरखला आणि म्हणाली, “छान आलंय झाड.”

त्याच रात्री मी टेलिफोटोच्या, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सच्या नादी लागलो. सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात असलेला माझा मित्र या विषयातला जाणकार. मायक्रॉनपेक्षा मोठ्या कुठल्याच गोष्टीवर त्याचा विश्वास नाही. तो म्हणाला, “तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, दीडचा क्रॉप. त्यावर ३०० लावलीस की ४५०सारखी दिसणार.” मी हरखलो. “म्हणजे वरचे दीडशे फुकट?” “फुकट नाही रे, कडेचं कापलं जातं, म्हणून मोठं वाटतं.” हे मला लगेच समजलं. आमचा फ्लॅट घेताना बिल्डरने कार्पेट आणि सुपर बिल्टअप असंच समजावलं होतं.

मग अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक. इथे आकडा जितका लहान तितकं भोक मोठं, आणि भोक जितकं मोठं तितकं ते आपल्या खिशाला. ४०० मिलिमीटरची २.८वाली लेन्स दहा लाखांच्या पुढे जाते. तेवढ्यात चारचाकी येते, आणि ती वाघापर्यंत नेऊनही सोडते. शेवटी मी १५०-६०० घेतली, वापरलेली. पाच ते सहा पूर्णांक तीनची, म्हणजे ६००ला पोचेपर्यंत अंधारी कोठडी. किंमत मी घरी सांगितली नाही, इथेही सांगत नाही. वजन मात्र लपवता आलं नाही. “दोन किलो?” ही म्हणाली. “आणि परवा दोन किलो कांदे आणायला सांगितले तर तुमचा खांदा दुखत होता.”

पहिली स्वारी राणीच्या बागेवर. रविवारची गर्दी नको म्हणून मुद्दाम बुधवारची रजा टाकली, पहाटे नाशिकरोड गाठलं, दादरला उतरलो, लोकलने भायखळा. दोन किलोची तोफ गळ्यात. दाराशी पोचलो तर दार बंद. राणीची बाग बुधवारी बंद असते. १८६२ पासून उघडलेली बाग, पण मी आलो तो बुधवार. शेजारच्या रसवंतीवाल्याने माझ्या गळ्याकडे बघून विचारलं, “न्यूजवाले का? आत काय झालं?” मी ‘काही नाही’ म्हणालो, तर त्याचा विश्वास बसेना. (कात्रजही बुधवारीच बंद. हे मी आता झोपेतही सांगू शकतो.)

दुसऱ्या खेपेला शहाण्यासारखा शनिवारी गेलो. तिथे वाघ काचेपलीकडे असतो. तासभर लांब झुडपात पाठ करून बसलेला वाघ एकदम उठला, डुलत आला आणि थेट माझ्यासमोर काचेला अंग टेकून बसला. मिश्या मोजता आल्या असत्या. मी बटण दाबलं. लेन्सने घर्रर्र केलं, पुढे गेली, मागे आली, पुन्हा घर्रर्र. मित्राने सांगितलं नव्हतं ते माहितीपत्रकात बारीक अक्षरात होतं: ही लेन्स पावणेतीन मीटरच्या अलीकडचं बघतच नाही. लांबचं जवळ आणायला एवढे पैसे मोजले आणि जवळ आलेला वाघ मला चालेना! मी मागे सरकायला लागलो, तर मागे सहलीची अख्खी शाळा. माझ्या काखेतून एक पोरगी पुढे घुसली, तिने आईच्या मोबाइलवर खटकन फोटो काढला आणि मला दाखवलाही. सुंदर आला होता. पेंग्विनांचं मी बोलत नाही. थंडगार अंधार, फ्लॅशला बंदी, माझं भोक ६.३, हम्बोल्ट पेंग्विन म्हणून मी जे घरी आणलं ते निळ्या पाण्यात बुडालेले मोजे आहेत.

मग मी मुकाट अभ्यास केला. जाळी फोटोतून नाहीशी करता येते, आणि तीही मागून पुसून नाही. कठडा जाऊ देईल तितकं जाळीजवळ जायचं, लेन्स पूर्ण लांबवायची, भोक पूर्ण उघडायचं, आणि प्राणी जाळीपासून लांब सरकेपर्यंत थांबायचं. जाळीवर ऊन असलं तर ती पांढुरकी चमकते, म्हणून सावलीतला तुकडा शोधायचा. एवढं जमलं की जवळची तार इतकी धूसर होते की दिसतच नाही. यातलं सगळं माझ्या हातात होतं. प्राण्याने सरकायचं तेवढं सोडून.

कात्रजचा बिबट्या दोन तास पाठ करून बसला होता. बिबट्याच्या पाठीवर किती ठिपके असतात हे मला कुणी विचारत नाही, याचं वाईट वाटतं. मोनोपॉडवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या एकपायी स्टँडवर, वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला झाला. एक पोरगा “ओ काका, झोपला का तो?” म्हणून आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत होता. आणि अचानक बिबट्याने मान वळवली. ६००वर, सेकंदाच्या एक भागिले ६४०च्या शटरला, सलग ओढत गेलो. एकूण ४१२ फोटो निघाले, त्यातला एक जमला. डोळे लख्ख, मागे हिरवं, जाळीचा मागमूस नाही.

ऑफिसात एकाने विचारलं, “ताडोबा का?” मी “हं” म्हणालो. हे खोटं बोलणं नव्हे, हा नुसता हुंकार आहे.

घरी मोठा प्रिंट करून आईसमोर धरला. तिने चष्मा लावला आणि तिचा चेहराच उतरला.

“पिंजरा कुठंय रे?”

“दिसत नाही ना? हीच तर खुबी आहे!”

“खुबी? मेल्या, गंगापूर रोडपर्यंत बिबटे येतात, लोक दारं लावून बसतात, आणि तू त्याच्या तोंडासमोर उभा राहिलास?”

फोकल लेंग्थ, भोक, सावली, सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि हिला म्हणाली, “खोटं बोलतोय. उसात गेला होता.” दोन दिवस ती जेवली नाही धड. फोटो भिंतीवर लावू देईना, बघितला की छातीत धडधडतं म्हणे. “जाळी दिसेल असा एखादा असला तर लाव.”

तसे माझ्याकडे ४११ होते.

त्यातला एक आता हॉलमध्ये टीव्हीच्या वर लागलाय. फोकस सगळा तारेवर बसल्यामुळे तिचा पीळन् पीळ मोजून घ्यावा इतका स्वच्छ आलाय, आणि मागे पिवळट असं काहीतरी आहे. आई निवांत आहे. खिळा ठोकून झाल्यावर ही चार पावलं मागे गेली, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाली, “छान आलीय जाळी.”