टेक्सासच्या गर्भपात कायद्याची खरी मेख

टेक्सासचा विषय निघाला की मराठी ग्रुपांवर दोनच सूर लागतात. "सहा आठवड्यांनंतर बंदी, काय रानटी लोक आहेत!" किंवा "बरं झालं, जीव तरी वाचतील." कायदा दोघांनीही वाचलेला नसतो, हे पहिल्या दोन कॉमेंटींतच कळतं. माझं मत गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने आहे, ते लपवत नाही. पण गर्भपातविरोधकांनी टेक्सासच्या राजधानीत, ऑस्टिनच्या विधानभवनात, जे करून दाखवलं ते कारागिरी म्हणून वाखाणण्याजोगं आहे. ते समजून न घेता नुसते हातपाय आपटणाऱ्या आपल्याच बाजूच्या लोकांचा मला खरं तर जास्त राग येतो.

आधी आठवड्यांचा हिशेब, कारण तिथेच घोळ असतो. आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. चक्र २८ दिवसांचं असेल तर पाळी चुकते त्या दिवशी चार आठवडे भरलेले असतात. सोनोग्राफीत हृदयाची हालचाल सहाव्या आठवड्याच्या आसपास दिसायला लागते. उरले दोन आठवडे. त्यात २०११ चा जुना कायदा होताच: आधी सोनोग्राफी, मग २४ तास थांबायचं, मग पुन्हा जायचं. क्लिनिक १०० मैलांहून लांब असेल तर २४ तासांऐवजी दोन तास, एवढीच सवलत. पाळी अनियमित असलेल्या बाईला कळेपर्यंत मुदत संपलेली असायची.

पण २०२१ च्या सिनेट बिल ८ ची, म्हणजे एसबी ८ ची, मेख आठवड्यांत नाहीच. सहा आठवड्यांच्या बंद्या इतर राज्यांनी आधी केल्या होत्या आणि न्यायालयांनी त्या अडवल्या होत्या. अडवायची रीत ठरलेली असते: कायदा राबवणाऱ्या अधिकाऱ्यावर, म्हणजे अ‍ॅटर्नी जनरल, आरोग्य खातं, सरकारी वकील यांच्यावर दावा लावायचा आणि त्यांच्याविरुद्ध मनाईहुकूम मिळवायचा. टेक्सासचे माजी सॉलिसिटर जनरल (न्यायालयात राज्याची बाजू मांडणारे वकील) जोनाथन मिचेल यांचं म्हणणं असं, की न्यायालय कायदा पुस्तकातून पुसत नाही, अधिकाऱ्याचे हात बांधतं. मग राबवणारा अधिकारीच ठेवला नाही तर बांधणार कुणाचे हात?

एसबी ८ नेमकं तेच करतं. सरकारी अधिकाऱ्याला राबवायला बंदी, आणि दुसऱ्या कुणालाही दिवाणी दावा लावायची मुभा. गर्भपात करणाऱ्यावर लावा, नाहीतर मदत करणाऱ्यावर लावा. पैसे देणारीसुद्धा मदतनीसच. बाईवर मात्र दावा लावता येत नाही. जिंकलात तर दर गर्भपातामागे किमान १०,००० डॉलर आणि वकिलाची फी. प्रतिवादी जिंकला तर त्याला स्वतःच्या वकिलाचा खर्चही परत मागता येत नाही. दावा चार वर्षांपर्यंत लावता येतो, वादी टेक्सासचा रहिवासी असेल तर स्वतःच्या काउंटीत (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी). म्हणजे ह्यूस्टनच्या डॉक्टरला शेकडो मैलांवरच्या कोर्टात खेटे घालायला लावता येतात.

सगळ्यात जहाल कलम मात्र फारसं कुणी सांगत नाही. न्यायालयाच्या ज्या निकालावर विसंबून तुम्ही गर्भपात केला तो निकाल पुढे फिरला, तर "तेव्हा मला परवानगी होती" हा बचाव चालत नाही. ६ ऑक्टोबर २०२१ ला ऑस्टिनचे फेडरल न्यायाधीश रॉबर्ट पिटमन यांनी कायद्याला स्थगिती दिली, तेव्हा बहुतेक क्लिनिकांनी सहा आठवड्यांनंतरचे गर्भपात पुन्हा सुरू केलेच नाहीत. का, ते आता कळेल. दोन दिवसांत वरच्या कोर्टाने स्थगिती उठवली. त्या दोन दिवसांत काम केलेल्यांच्या डोक्यावर चार वर्षांची टांगती तलवार.

१ सप्टेंबर २०२१ ला कायदा लागू झाला आणि पहिल्याच महिन्यात राज्यातले गर्भपात साधारण निम्म्यावर आले. सान अँटोनियोचे डॉक्टर अ‍ॅलन ब्रेड यांनी मुद्दाम कायदा मोडून वर्तमानपत्रात तसं जाहीर केलं. त्यांच्यावर आधी दावे लावले ते अर्कान्सा आणि इलिनॉयच्या माणसांनी, आणि तेही कायद्याची परीक्षा व्हावी म्हणून. गर्भपातविरोधी चळवळीने मोठा दावा लावायची घाई केली नाही. गरजच काय? काम भीतीने होत होतं. न लावलेला दावा कोर्टात हरत नाही.

हे एका रात्रीत सुचलेलं नाही. २०१९ च्या जूनमध्ये वॅस्कम नावाच्या छोट्या गावाच्या पाच पुरुषांच्या कौन्सिलने गावात गर्भपातबंदीचा ठराव केला. गावात क्लिनिक नव्हतंच, तेव्हा सगळे हसले. मार्क ली डिक्सन हे पास्टर गावोगाव फिरत राहिले, मसुद्याला मिचेल यांची मदत होती. मे २०२१ मध्ये लबक शहराच्या मतदारांनी तसाच ठराव मंजूर केला, आणि तिथे क्लिनिक खरंच होतं. जूनपासून तिथले गर्भपात थांबले. एसबी ८ ची रंगीत तालीम तीच.

विधानभवनातली गणितंही बघा. टेक्सासचं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षी, १४० दिवसांचं. त्यामुळे वेळ हेच शस्त्र. २०१३ मध्ये गर्भपातावर निर्बंध आणणारं बिल अडवायला सिनेटर वेंडी डेव्हिस अकरा तासांच्या आसपास सिनेटमध्ये उभ्या राहून बोलत राहिल्या (खाणं-पिणं नाही, टेकायचं नाही, विषय सोडायचा नाही), मध्यरात्र उलटली आणि बिल पडलं. टाळ्या झाल्या. गव्हर्नरांनी लगेच दुसरं विशेष अधिवेशन बोलावलं आणि जुलैत कायदा झालासुद्धा. आता २०२१: सिनेटमध्ये ३१ जागा, बिल चर्चेला घ्यायला १९ मतं लागायची, रिपब्लिकन उरले १८. मग काय, नियमच बदलून १८ केला. एसबी ८ वर रोज लिहिणाऱ्यांपैकी किती जणांना ही जानेवारीतली गोष्ट माहीत होती?

२०२१ च्या त्याच अधिवेशनात एचबी १२८० (हाऊस बिल, म्हणजे कनिष्ठ सभागृहातलं) हेही मंजूर झालं होतं. गर्भपाताचा हक्क देणारा सर्वोच्च न्यायालयाचा रो निकाल रद्द झाला की आपोआप लागू होणारी बंदी. २४ जून २०२२ ला रो रद्द करणारा डॉब्सचा निकाल, २५ ऑगस्टपासून अंमल. इथे शिक्षा फौजदारी आहे: जन्मठेपेपर्यंत कैद, शिवाय किमान एक लाख डॉलर दिवाणी दंड, परवाना रद्द. बाईला याही कायद्यात शिक्षा नाही.

अपवाद फक्त आईच्या जिवाला धोका किंवा शरीराच्या एखाद्या मुख्य कार्याला गंभीर इजा होण्याचा धोका असेल तर. बलात्काराचा अपवाद नाही. आणि डॉक्टरचा निर्णय "वाजवी वैद्यकीय निर्णय" असावा लागतो, म्हणजे तो वाजवी होता की नाही हे नंतर दुसरे डॉक्टर आणि ज्युरी ठरवणार. आपल्या, म्हणजे भारताच्या, १९७१ च्या गर्भपात कायद्याशी (एमटीपी कायदा) ताडून बघा. तिथे डॉक्टरचं मत "सद्‌भावनेने" बनलेलं असणं पुरेसं आहे, आणि कलम ८ सांगतं की सद्‌भावनेने केलेल्या कामाबद्दल डॉक्टरवर दावा चालणार नाही. एसबी ८ च्या बरोबर उलट. योगायोग असा की काही गटांसाठी २० ची मुदत २४ आठवड्यांवर नेणारी आपली दुरुस्ती लागू झाली तीही सप्टेंबर २०२१ मध्येच.

अपवाद कागदावर असतो, वापरताना गोठतो. गर्भाभोवतीचं पाणी वेळेआधी गेलंय, गर्भ वाचणार नाही, पण ठोके चालू आहेत आणि बाईला अजून ताप नाही. डॉक्टर फोन करतो हॉस्पिटलच्या वकिलाला. वकील म्हणतो, थांबा. जंतुसंसर्ग मात्र थांबत नाही. २०१२ मध्ये आयर्लंडच्या गॉलवेत बेळगावची सविता हलप्पनवार गेली ती अशाच थांबण्यात, १७ व्या आठवड्यात. टेक्सासमध्ये २०२३ साली नेमक्या या परिस्थितीसाठी आणि गर्भाशयाबाहेरच्या गर्भासाठी गाजावाजा न करता एक बचाव घातला. पण तो बचाव आहे, मुभा नाही. आधी खटला, मग डॉक्टरने सिद्ध करायचं. २०२५ च्या एसबी ३१ ने थोडं सावरलं: धोका अगदी दाराशी येईपर्यंत थांबायची गरज नाही आणि सिद्ध करायचं ओझं सरकारवर. मांडणारे सिनेटर ब्रायन ह्यूज, म्हणजे एसबी ८ चेच लेखक. याचं श्रेय त्यांना द्यायला माझी हरकत नाही, पण दुरुस्तीला चार वर्षं लागली.

चळवळ एकसंध आहे हा आणखी एक गैरसमज. बाईवरच खुनाचा खटला भरा म्हणणारा गट वेगळा आहे. २०२२ मध्ये लुइझियानात तसं बिल आलं, तेव्हा ते पाडण्यात तिथली मुख्य गर्भपातविरोधी संघटनाच पुढे होती.

आता लढाई गर्भपाताच्या गोळ्यांची आहे. न्यूयॉर्क किंवा मॅसॅच्युसेट्सचे डॉक्टर टपालाने गोळ्या पाठवतात आणि त्या राज्यांचे कायदे त्यांना पाठीशी घालतात. त्यावर उतारा म्हणून टेक्सासचं एचबी ७, डिसेंबर २०२५ पासून लागू. गोळ्या बनवणाऱ्यावर, लिहून देणाऱ्यावर, पाठवणाऱ्यावर किमान एक लाख डॉलरचा दावा. बाई स्वतः, गर्भाचा बाप किंवा जवळचे नातेवाईक जिंकले तर पूर्ण रक्कम त्यांची. त्रयस्थ जिंकला तर त्याच्या हाती १० टक्के, बाकी धर्मादाय संस्थेला. १० टक्के म्हणजे पुन्हा तेच १०,०००. याच आशयाचं एसबी २८८० नियमित अधिवेशनात सिनेटने मंजूर केलं होतं, हाऊसमध्ये अडकलं आणि विशेष अधिवेशनात दुसऱ्या नंबराने परत आलं.

आणि हे यंत्र एकाच बाजूचं राहत नाही. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये हाच साचा उचलून बेकायदा बंदुकांविरुद्ध १०,००० डॉलरच्या दाव्यांचा कायदा केला. तेव्हा आपल्या बाजूचे काही जण खूश झाले होते. मला तेव्हाही तो पटला नव्हता.

पुढचं नियमित अधिवेशन जानेवारी २०२७ मध्ये. बिलं मात्र नोव्हेंबर २०२६ पासूनच दाखल व्हायला लागतील आणि टेक्सास विधिमंडळाच्या साइटवर मूळ मसुदा फुकट वाचता येतो. डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टनच्या मंडळींनी बंदीचं कलम शेवटी वाचावं. आधी दावा कोण लावू शकतं, कुठल्या काउंटीत, फी कोण भरणार, कुठला बचाव चालणार नाही, हे बघा. सिनेटची प्रत आणि हाऊसची प्रत शेजारी ठेवून फरक काढा, समितीत बरंच काही गुपचूप बदलतं. समितीच्या सुनावणीत नाव नोंदवून बोलताही येतं. मिनिटं मोजकीच मिळतात, म्हणून कलमाचा क्रमांक पहिल्या वाक्यात सांगा.