जिनिंगवरून (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातून) काढलं? मंग आता निवांत बसा

मालक "उद्यापासून येऊ नको" म्हणला की सगळ्यात पहिले काहीच करू नका. लेखी तर बिलकुल मागू नका, तोंडी सांगितलं ना माणसानं, उद्या कोर्टात तोच "आम्ही काढलंच नाही, हाच यायचा बंद झाला" म्हणेल तेव्हा तुम्हालेही काहीतरी नवीन ऐकायला भेटेल.

सोयाबीन निघू द्या. मंग कापूस, मंग लग्नसराई, मंग पेरणी. मुदतीचं टेन्शन घेऊ नका, ते सरकारनं घेतलंय. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात नोकरीवरून काढल्यावर लेबर कोर्टात जायले ३ वर्षं होती, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली अन् तिच्यात वाद होऊन २ वर्षं उलटली की समेट अधिकारी (लेबर ऑफिसातला मालक-मजुरात तडजोड घडवणारा साहेब) फाईल हातातच घेत नाही. एक वर्ष वाचलं ना बाप्पा, उगाच झुरत काहून बसायचं!

तरी पुतण्यानं ऐकलं नाही अन् लेबर ऑफिसले अर्ज टाकलाच, तर जा तारखेले. मालकाचा माणूस येत नाही, पुढची तारीख घ्या, यष्टीनं वापस या. समेट फसल्याचा रिपोर्ट भेटला की ट्रिब्युनलात (कामगारांचे वाद चालतात त्या न्यायाधिकरणात) जायले ९० दिवस असतात, म्हणून तो कागद देवघरात गणपतीच्या फोटोमागं ठेवा, तिथं सेफ राहते. नव्या ट्रिब्युनलात मेंबर दोन, एक न्यायिक अन् एक प्रशासकीय. पहिले एका साहेबाची वाट पाहायची, आता दोघांची, याले म्हणतात सुधारणा.

खरी मजा पुराव्यात आहे. सलग नोकरी धरायले वर्षात २४० दिवस काम लागते, ते केलं हे सिद्ध कोणी करायचं? तुम्ही. मस्टर, म्हणजे हजेरीचं रजिस्टर, कोणाच्या कपाटात? मालकाच्या. नुसतं स्वतःचं शपथपत्र दिलं की झालं, असं वाटत असेल तर सुप्रीम कोर्टानं २००२ मध्येच सांगून ठेवलंय की तेवढ्यानं भागत नाही. म्हणून मुकादमाचे "उद्या ७ ले या, गाठी भरायच्या आहे" वाले व्हॉट्सॲप मेसेज आजच डिलीट मारा, फोनची मेमरी भरते न. गेटपास चुलीत. बँकेत पगार येत असेल तर पासबुक भरून आणू नका, लाईन लय असते. अन् ज्याच्यासोबत पाच सीझन सरकीची पोती उचलली त्याले साक्षीले बोलावू नका, तो अजून तिथंच कामावर आहे, त्याची अडचण समजून घ्या. मालकाची तर आपण घेतच आलो.

मंग एक दिवस मालक स्वतःच बोलावते, चहा पाजते, अन् एक छापील व्हाउचर पुढं सरकवते, "सर्व येणे पूर्ण व अंतिम मिळाले". रकमेची जागा कोरी असली तर विचारू नका, बरं दिसत नाही. चष्मा घरी राहिला असेल तर आणखीच चांगलं. पेन नेऊ नका, स्टॅम्पपॅड तिथंच असते.