सर्व्हर एक झाला, पेशंटचं काय?
हॉस्पिटलातल्या स्कॅन-फोटोंच्या साठवणीवरच्या एका लेखात म्हटलंय की सगळ्या विभागांच्या इमेजेस एका सर्व्हरवर आणल्या की प्रश्न मिटला. १२ वर्षं सीटी-एमआरआयमध्ये काढली म्हणून सांगतो, साठवण हा त्यातला सोपा भाग. सीटीची एक स्लाइस, म्हणजे शरीराच्या एका आडव्या कापाचं चित्र, साधारण अर्धा एमबी, ५०० स्लाइस म्हणजे २५० एमबी. डिस्क विकत मिळते हो!

खरी गोची ओळखीची, म्हणजे कुठली इमेज कुठल्या पेशंटची याची. एका हॉस्पिटलात एकाच पेशंटचा रेडिओलॉजीतला नंबर वेगळा, इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) वेगळा. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हांनी टाकल्यामुळे एकाच आजींचे तीन पेशंट झाले. जुना स्कॅन 'सापडत नाही' म्हणून पुन्हा काढला, तोही कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये नीट दिसावं म्हणून शिरेतून दिलं जाणारं औषध) देऊन.

डायकॉम, म्हणजे वैद्यकीय इमेजेसचं ठरलेलं सामाईक स्वरूप, १९९३ पासून आहे, त्यामुळे मशिनं एकमेकांशी बोलतात तरी. पण स्किन ओपीडीतला फोटो मोबाइलवर निघतो. त्याला ना वर्कलिस्ट (मशिनवर आपोआप येणारी पेशंटची यादी), ना तपासणीचा ऑर्डर नंबर. तो कुणाच्या नावावर चढवायचा? आणि घाईत मॉनिटरचाच फोटो व्हॉट्सॲपवर जातो, त्याचं तर बोलायलाच नको. त्यात विंडो, म्हणजे कुठल्या घनतेचे भाग उठून दिसावेत याची सेटिंग, बदलता येत नाही. मेंदूसाठी लावलेल्या विंडोत कवटीची बारीक चीर दिसणार कशी?

सर्व्हरचं टेंडर काढण्याआधी नोंदणीच्या खिडकीवर दोन दिवस बसून बघा.