फेब्रुवारीची पीटी

फेब्रुवारीचा पगार झाला की अकाउंट्समध्ये माझ्या टेबलाशी कोणी ना कोणी येतंच. यंदा नवा लागलेला मुलगा आला, पीटीचं, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या व्यवसाय कराचं विचारायला. "सर, पीटी दर महिन्याला 200 कापता, या वेळी 300 कसे?" सांगितलं, अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. "मग एमडी साहेबांचे किती?" म्हटलं, तेवढेच. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

थट्टा कसली? व्यवसाय कराला वर्षाला 2,500 ची कमाल मर्यादा थेट राज्यघटनेतच घातलेली आहे, 1988 पासून.

हे आज आठवायचं कारण असं की, मूठभर लोकांच्या हातात पैसा असताना गरिबाच्या बाजूचा कायदा होणं शक्यच नाही, असं इथे बरेच मित्र लिहितात. मला ते पटत नाही. असा एक कायदा, रोजगार हमीचा, माझ्या आजीने ओढून आणलाय, एकटीने नव्हे अर्थात. 72 च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. कामावर मिळणारी सुकडी खायची, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरीला आयुष्यभर शिव्या द्यायची. मस्टरवर अंगठा आणि मजुरी मात्र पंधरा-पंधरा दिवस थकलेली. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. एवढी माणसं एकत्र आली की नुसती खडी फोडत नाहीत, मोर्चा घेऊन तहसीलवरही जातात.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना त्याआधीच मांडली होती, तासगाव तालुक्यात प्रयोगही झाला होता. कायदा झाला 1977 मध्ये, लागू झाला 26 जानेवारी 1979 ला. आणि तो मंजूर झाला एकमताने! सभागृहात तेव्हा कोण बसायचं? साखर कारखान्यांचे चेअरमन, बडे बागायतदार. त्यांना एकदम पाझर फुटला का? फुटला, पण तलावाचा. हमीची कामं म्हणजे पाझर तलाव, बंडिंग, रस्ते. मजुराला मजुरी मिळणार आणि पाणी झिरपणार ज्याची विहीर आहे त्याच्याकडे. पैसा उभा करायला बागायतीवरही थोडी पट्टी होती, पण मोठा वाटा आला व्यवसाय करातून, म्हणजे बहुतेक शहरी पगारदाराच्या खिशातून.

याच राज्यात 1961 ला सीलिंगचा, म्हणजे शेतजमिनीच्या कमाल मर्यादेचा, कायदाही झाला. तिथे स्वतःची जमीन जायची होती. मग जावई, गडी, न जन्मलेली नातवंडं सगळी खातेदार झाली. कुत्र्याच्या नावावर सातबारा केल्याचा किस्सा तर प्रत्येक तालुक्यात ऐकायला मिळतो.

म्हणून माझं मत असं: बदल होतो, पण पावती दुसऱ्याच्या नावाने फाडता आली तरच सहज होतो. रोजगार हमीला मी नावं ठेवत नाही, आमचं घर तिच्यावरच तगलं, आणि 2005 चा केंद्राचा कायदाही याच वाटेने आला. पण इस्टेट ड्यूटी, म्हणजे मृताच्या मालमत्तेवरचा कर, 1985 मध्ये गेली, संपत्ती कर 2015 च्या बजेटमध्ये गेला, तेव्हा तहसीलवर कोणी गेल्याचं मला आठवत नाही. मीही नाही गेलो. टीडीएसचं रिटर्न भरत बसलो असेन.

त्या मुलाला हे काही सांगितलं नाही. मागे रांग होती. "पुढच्या महिन्यात परत 200," एवढंच म्हटलं.